नक्षी शाबूत आहे, मग टायर का बदलायचे?

(पत्रलेखक कोथरूडचे, वय ६९, बँकेतून निवृत्त. २०१८ च्या दिवाळीत घेतलेली त्यांची डिझायर आजवर २३,००० किलोमीटर चालली आहे. भाजी, बँक, डॉक्टर आणि गणपतीला चिपळूणवरून गुहागरजवळचं गाव, एवढाच वापर. टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. वाकडला राहणारा मुलगा म्हणतो, चारही बदला. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पुढचे दोन पुरे. सोसायटीतले शेजारी म्हणतात, पन्नास हजार होईपर्यंत बघायचंच नाही. दुकानदाराने चारांचे १९,२०० रुपये सांगितले. मुलगा पैसे द्यायला निघाला, आणि पत्रलेखकांना तेच जास्त लागलं. ते लिहितात : "टायरच्या बाजूला केसासारख्या बारीक रेषा आहेत, पण त्या उन्हाच्या असाव्यात. मी साठच्या वर जात नाही, नायट्रोजनच भरतो. केवळ वय झालं म्हणून चांगली वस्तू काढून टाकायची, ही हल्लीची रीत मला पटत नाही. माझं काही चुकतंय का?")

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा टायरसाठी आणि एकदा त्या 'केवळ वय झालं म्हणून'वाल्या वाक्यासाठी. त्या वाक्याकडे नंतर येते. आधी तुम्हाला खाली पार्किंगमध्ये पाठवते.

टॉर्च आणि चष्मा घेऊन जा. टायरवर जिथे कंपनीचं नाव असतं, त्या बाजूला 'डीओटी' अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे अक्षरं-आकड्यांची माळ दिसेल. माळेतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्मदाखला. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ असेल तर २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. ही पूर्ण माळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि आपल्याला हवी असते तेव्हा ती नेमकी आतल्या बाजूला निघते. पुढच्या चाकांचं ठीक आहे, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डोकावता येतं. मागच्या चाकांसाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. ते तुम्ही करू नका. कोणी करायचं, तेही सांगते.

आकडा हाती आला की आपल्या काउंटरवरचे दिवस आठवा. चेक आलाय. सही तंतोतंत जुळते, खात्यात रक्कम भरपूर, कुठे खाडाखोड नाही. फक्त तारीख पाच महिन्यांपूर्वीची. एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहाऐवजी तीन महिने झाली, हे मी तुम्हाला काय सांगायचं! समोरचा कितीही म्हणाला, "अहो साहेब, सही बघा ना, बॅलन्स बघा ना," तरी तुम्ही तो परतच केला असता. आणि ते करताना तुमच्या मनात असंही आलं नसतं की आपण चांगली वस्तू वाया घालवतोय. टायरची नक्षी म्हणजे ती सही. ती खरी आहे, पण अडलंय ते तिच्यापाशी नाही.

टायर दोन तऱ्हांनी संपतो, घासून किंवा नुसता बसून. रोज खराडी ते हिंजवडी आणि परत करणाऱ्याचा टायर घासून संपतो. चाळीस-पन्नास हजारांत त्याची नक्षी जाते आणि तोवर जेमतेम तीन-चार वर्षं झालेली असतात, त्यामुळे वयाचा विचार करायची वेळच येत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा पन्नास हजारांचा हिशोब अशाच गाडीचा आहे. तो चुकीचा नाही, फक्त तुमचा नाही. तुमची गाडी वर्षाला तीन हजार चालते. या वेगाने पन्नास हजार व्हायला २०३५ उजाडेल आणि टायर तेव्हा सतरा वर्षांचे असतील.

बसून संपतो म्हणजे काय? हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला बाधतो. रबर हळूहळू कडक होतं, त्याची लवचीकता जाते. उष्णता असेल तर हे आणखी वेगाने होतं, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतोच. हे टाळायला टायर बनवतानाच रबरात काही रसायनं आणि एक प्रकारचं मेण मिसळतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा फुगतो, तसतसं ते आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि वर एक पातळ कवच धरतं. आता गंमत बघा : गाडी उभी राहिली की टायर दबत नाही आणि ते मेणही पुरेसं वर येत नाही. म्हणजे 'कमी वापरली म्हणून चांगली राहिली' हे पितळेच्या भांड्याला लागू असेल, टायरला उलटंच आहे. रोज पळणाऱ्या गाडीच्या टायरपेक्षा आठवडाभर एका जागी उभ्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडू शकतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता.

दिसतं ते एवढंच. न दिसणारं असं, की नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्यांना रबराने धरून ठेवलेलं असतं. ही पकडही वयाबरोबर कमकुवत होते. बाहेरून सगळं ठाकठीक, आणि एखाद्या गरम दुपारी, भरल्या गाडीत, नक्षीचा अख्खा पट्टा सुटून येतो. ते कुठल्याही गेजने आधी मोजता येत नाही, म्हणून तर वर्षं मोजायची.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही मुलाच्याच पार्टीची. आपला मोटार वाहन नियम टायरची नक्षी बघतो, कारला किमान १.६ मिलिमीटर. आठ वर्षांचा टायर बेकायदा नाही. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असला तरी काढा. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच थांबा म्हणतात. तुम्ही या सहा आणि दहाच्या मध्ये आहात. तुमची गाडी फक्त कर्वे रोड ते डेक्कन करणार असती आणि बाजू स्वच्छ असती, तर मी म्हटलं असतं, एकदा चाकं खोलून तपासून घ्या आणि वर्षभराने पुन्हा बघू.

पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे त्या रेषा. उन्हाचा त्यात वाटा असेलही, तुमचं निदान अगदीच चुकीचं नाही. पण 'उन्हाच्या' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. नख फिरवून बघा. नख अडकत असेल, किंवा टायर जमिनीला टेकतो तिथे बाजू दबल्यावर रेषा उघडत असतील, किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशीही तशाच रेषा असतील, तर पुढचा विचार न करता टायर बदलाच.

दुसरी गोष्ट कुंभार्ली घाट. तुम्ही उंब्रज-पाटणवरून जाता असं धरते, कारण वरंधा पावसाळ्यात कधी बंद होईल याचा नेम नसतो. भाद्रपदातला घाट, चार माणसं, डिकीत नारळ, मखर आणि काकूंच्या पिशव्या. 'साठच्या वर जात नाही' हे टायर न फुटण्यापुरतं चांगलंच आहे, वेग कमी म्हणजे टायर कमी तापतो. पण ओल्या वळणावर प्रश्न फुटण्याचा नसतो, पकडीचा असतो. कडक झालेलं रबर ओल्या डांबराला धरत नाही. ते चाळीसच्या वेगालाही घसरतं, आणि नक्षी कितीही खोल असली तरी.

नायट्रोजनचं थोडक्यात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनाने दाब थोडा जास्त काळ टिकतो, आतून रबराला ऑक्सिजन कमी भिडतो. भरा, तोटा नाही. पण टायरची बाहेरची बाजू पुण्याच्याच हवेत उभी आहे, तिला तुमचा नायट्रोजन माहीत नाही. आणि 'नायट्रोजन आहे' म्हणून दोन-दोन महिने हवा न तपासणारे मी खूप पाहिलेत. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा तक्ता बघून. घरून चांदणी चौकापर्यंत गेलात की टायर तापतो, काटा दोन-तीनने वर दिसतो. ती वाढ पंपावर सोडून देऊ नका.

हेच तुमच्या मुलालाही सांगा, कारण त्याच्या पिढीत एक वेगळंच खूळ आहे : एक्सप्रेसवेला लागण्याआधी 'टायर तापून फुटेल' म्हणून हवा कमी करायची. अगदी उलट. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानेच तापतो. काँक्रीटवर तासभर शंभरने, एप्रिलच्या दुपारी, पंचवीस पीएसआय एवढ्या कमी दाबावर गाडी पळवणं म्हणजे स्वतःच्या हाताने भट्टी पेटवणं.

मेकॅनिकच्या 'पुढचे दोन पुरे'कडे वळू. पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा जास्त भारही घेतात, म्हणून ती लवकर झिजतात. त्याचा अनुभव खोटा नाही. पण तुमचे टायर झिजलेलेच नाहीत, ते चौघंही एकाच वयाचे आहेत. दोन बदलून तुम्ही अर्ध्या पैशांत अर्धा प्रश्न ठेवून घ्याल. आणि इतर वाचकांसाठी, ज्यांचे खरंच दोनच घ्यायचे आहेत : नवे दोन मागे लावा. दुकानात सगळे पुढे लावायला निघतील, पुढे नवे म्हणजे बरं, असं आपल्यालाही वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिथून सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात नसतं.

तर माझं उत्तर : बदला, आणि पावसाआधी बदला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तुमच्या वापराने तो महिना-सव्वा महिना झाला.

आणि किती? पाच. हो, पाच. डिकीतली स्टेपनी 'कोरी करकरीत' आहे असं तुम्ही मनात म्हणत असाल. तिचा डीओटी वाचा, ती या चौघांची जुळी बहीण आहे. (जाता जाता : स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ मध्ये तिथल्या दोन भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली. विलायतेत हा शब्द विसरले, आपण पंक्चरच्या टपरीवर जपून ठेवला.) माझी स्वतःची स्टेपनी अकरा वर्षांची होती, हे मला ताम्हिणीत जुलैच्या पावसात कळलं. पंक्चर झालं म्हणून ती काढली तर तिच्यात हवाच नाही. एका जीपवाल्याने पायपंपाने हवा भरून दिली, चार किलोमीटरवर बाजूला लिंबाएवढा फुगा आला. विळ्याच्या फाट्यापर्यंत वीसच्या वेगाने आलो. मागे सासूबाई जप करत होत्या आणि मला नंतर कित्येक दिवस कळत नव्हतं, तो टायरसाठी होता की माझ्यासाठी. एकदम पाचांचे पैसे जड वाटले तर आता चार घ्या, स्टेपनीतली हवा तेवढी पूर्ण भरून ठेवा, आणि दिवाळीआधी पाचवा.

खरेदीचं. तुमच्या टायरवर बहुधा १६५/८० आर १४ ८५ टी असं असेल. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम चौदा इंची; ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. हाच आकार मागा. दुकानदार "काका, जरा रुंद टाकू, १८५/७० बसतो" म्हणेल. बसतो खरा, व्यासात पाच मिलिमीटरचाच फरक पडतो. पण स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल थोडं जास्त जातं आणि तुम्हाला त्यातून काही मिळत नाही. रुंद टायरची हौस पंचविशीतल्या मुलांना असू दे. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मात्र कंपनीच्या टायरपेक्षा खाली येऊ देऊ नका, आणि आयएसआयचा शिक्का बघा.

कुठल्या कंपनीचा, हे तुम्ही विचारलं नाहीत याचं मला कौतुक वाटलं, कारण बाकी सगळे तेवढंच विचारतात. नावापेक्षा स्वभाव बघा. काही टायरवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. तो जितका मोठा तितकं रबर झिजायला चिवट. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलनेला तो बरा, दोन कंपन्यांत तितकासा नाही. पण काका, तुम्हाला चिवट टायरचा उपयोगच काय? तुमचा टायर झिजून जाणारच नाही, वयानेच जाणार. ऐंशी हजार टिकणाऱ्या टायरचे जादा पैसे देऊन तुम्ही त्यातले वीस हजार वापराल. ओल्यात चांगली पकड देणारा, जरा मऊ, चालताना आवाज कमी करणारा टायर मागा. हाच सल्ला मी रोज साठ किलोमीटर करणाऱ्याला देणार नाही; त्याने चिवटच घ्यावा. आणि ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांनी तर आणखी, कारण बॅटरीचं वजन आणि सुटतानाचा जोर, दोन्ही नक्षी खातात.

टायर रिमवर चढवण्याआधी प्रत्येकाचा डीओटी स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. "साहेब, गोडाऊनमधलाच आहे, अगदी नवा," असं म्हणत दोन वर्षांपूर्वीचा काढला तर हसून परत करा. तुम्हाला सराव आहे. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतात. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तोही बिलात तपासा. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, ते विसरतात. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा आवळून घ्या.

जुने टायर दुकानदार दोन-चारशेला घेईल. देण्याआधी त्यांच्या बाजूला ब्लेडने एक चीर मारायला लावा. नाहीतर त्यांना काळं पॉलिश लागून, तुमच्याच त्या 'शाबूत' नक्षीच्या जोरावर, ते महिन्याभरात कुणा रिकाम्या खिशाच्या माणसाच्या गाडीखाली दिसतील. आणि हो, ते चमकवायचं तेलकट पॉलिश नव्यांनाही नको, रबराला मानवत नाही. साबणाचं पाणी पुरतं. गाडी आठवड्यातून दोनदा तरी खरोखर फिरवून आणा, नुसती चालू करून बंद करू नका.

आता ते वाक्य. १९,२०० चे टायर सहा वर्षं वापरले तर महिन्याला २६७ रुपये पडतात. हा हिशोब तुम्ही माझ्याआधी केला असणार, म्हणून पैशांचं कारण मला खरं वाटत नाही. तुम्हाला लागलं ते मुलाने खिशात हात घातला ते. तो बहुधा टायरबद्दलच बोलत होता. पण 'आठ वर्षं झाली, बदला' हे एकोणसत्तराव्या वर्षी ऐकताना नुसतं टायरबद्दल ऐकू येत नाही, हे मी समजू शकते. माझे वडील तर मिक्सर बदलायचा म्हटलं तरी दोन दिवस गप्प बसत.

टायर तुमच्या पैशांनी घ्या. मुलाचे नाकारा, पण मुलाला नाकारू नका. रविवारी त्याला बोलवा आणि सांगा, "मागच्या चाकांचे आकडे वाचून दे, माझे गुडघे वाकत नाहीत." त्याला जुना शर्ट घालून यायला सांगा, पार्किंगची फरशी कोरडी नसते. तो खालून ओरडून सांगेल, तुम्ही डायरीत लिहा : चाक कुठलं, आकडा काय. मग त्याच्या गाडीचेही लिहून घ्या. एक्सप्रेसवेवर शंभरने जाणारा तो आहे, तुम्ही नाही, आणि त्याच्या स्टेपनीत हवा किती हे त्याने शेवटचं कधी पाहिलं, ते जरूर विचारा.